सासूबाईंना हॉटेलवर ठेवून बा ना हिल्सला जाऊ नकोस

पत्र:

ताई नमस्कार, आम्ही नाशिकचे. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला चाललोय, मी, मिस्टर, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ६ चा आणि सासू-सासरे. दा नांगला ३ रात्री आहेत, त्यातला एक दिवस बा ना हिल्ससाठी ठेवलाय, ते केबल कारने डोंगरावर जायचं आणि वर थीम पार्क, दोन हातांवर धरलेला सोनेरी पूल वगैरे. प्रॉब्लेम असा की सासूबाई ६६ च्या, दोन्ही गुडघे दुखतात. सासरे ७१, शुगर आणि बीपी. मिस्टरांना उंचीची भीती वाटते पण ते बोलून दाखवत नाहीत. मुलीने रील्स बघून १७ जागांची लिस्ट केलीये. सासूबाई म्हणतात मी आपली हॉटेलवर बसते, तुम्ही जाऊन या. मला ते बरं नाही वाटत, पण खरं सांगू, त्या आल्या तर दिवस कसा निभेल याचंही टेन्शन आहे. टूरवाल्याबरोबर जावं की आपलं आपण? पाऊस असतो का तेव्हा? एक रात्र वर राहावं का? आणि मला स्वतःला त्या पुलावर थोडा वेळ शांत उभं राहायचंय, बाकी काही नाही. – एक सून

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी सासूबाईंचं. त्यांना हॉटेलवर अजिबात ठेवू नकोस, आणि हे मी काही कर्तव्य वगैरे म्हणून सांगत नाहीये. बा ना हिल्सला जे सगळ्यात बघण्यासारखं आहे ना, ते बसून बघायचं असतं. ते म्हणजे ती केबल कार. तुम्ही रायगडचा रोपवे केला असेल तर तो आठव, जेमतेम पाऊण किलोमीटरचा दोर आणि चार-पाच मिनिटांत आपण वर. इथल्या एका लाईनची लांबी ५,८०१ मीटर आहे, म्हणजे जवळजवळ ६ किलोमीटर, आणि खालच्या आणि वरच्या स्टेशनच्या उंचीत १,३६८ मीटरचा फरक. २०१३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लांबी आणि उंचीतला फरक या दोन्हींसाठी गिनीज बुकात नाव गेलं होतं. वीसेक मिनिटं तुम्ही नुसते बसलेले असता आणि खाली घनदाट जंगल, मधेच पांढरा धबधबा, मग ढगात शिरता आणि काचेबाहेर काहीच दिसत नाही, मग अचानक ढगाच्या वर निघता. यात गुडघ्याचं काय काम आहे सांग बरं.

माझी आई ७४ ची होती तेव्हा मी तिला घेऊन गेले होते, ग्रुप टूर होती. आमच्या टूरवाल्याने सकाळी उशिरा वर पोचवलं आणि सांगितलं २ वाजता सगळे खालच्या बसपाशी हवेत, मग काय, गाईड झेंडा घेऊन पुढे आणि आम्ही मागे पळतोय, पुलावर ही गर्दी, आई एका कठड्यापाशी बसून राहिली, म्हणाली तू जाऊन ये. मी गेले, फोटो काढले, परत आले तर ती तशीच पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. ते चित्र अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. आणि घरी आल्यावर शेजारच्या काकूंना मात्र ती पूल नाही, किल्ले नाहीत, ती केबिनच सांगत होती, ढगातून गेलो म्हणून. म्हणून मी तुला इतकं ठासून सांगतेय. तुमच्यात जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या चालीने दिवस लाव, मग तो दिवस सगळ्यांनाच पुरतो. पोरांना तर हळू दिवसातही भरपूर मिळतं तिथे.

म्हणजेच टूर नको. आपलं आपण जा. तुम्ही सहा जण, सातसीटर गाडी करा, तिथे टॅक्सी बोलवायचं ग्रॅब अॅप सगळीकडे चालतं, नाहीतर हॉटेलवाले गाडी लावून देतात. शहरापासून २५-३० किलोमीटर आहे, पाऊण ते एक तास धर. एक करा, जाण्यायेण्याचं एकाच ड्रायव्हरशी ठरवा आणि परतीची वेळ पक्की सांगू नका, आम्ही संध्याकाळी फोन करू एवढंच, कारण डोंगरावर गेल्यावर घड्याळ आपल्या हातात राहत नाही. त्याचा नंबर आणि गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

आता पावसाचं, आणि इथे तुला जरा मनाची तयारी करावी लागेल. आपल्याकडे दिवाळी म्हणजे पाऊस गेलेला, आकाश निळं, पण दा नांगला नेमकं उलटं आहे. आपला पाऊस नैऋत्येकडून अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीला अडतो, त्यांचा तिथे ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर पूर्वेच्या समुद्रावरून येतो आणि शहरामागच्या डोंगररांगेला अडतो, बा ना त्याच डोंगरात. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर त्यांचा पावसाळा आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात जोराचा, त्या दिवसांत जवळच्या होई आन या जुन्या गावाच्या गल्ल्यांत पाणीही शिरतं, शिवाय वादळांचा सीझन. फेब्रुवारी-मार्च ते ऑगस्ट कोरडे महिने. अजून तिकिटं बदलता येत असतील तर मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जा असंच मी म्हणेन. पण नसतील बदलता येत तर रडत बसू नको, रोज दिवसभर कोसळतच असतो असंही नाही, फक्त मग बा ना चा दिवस घरून ठरवून जायचा नाही.

म्हणजे काय करायचं, तीन रात्री आहेत म्हणजे दोन पूर्ण दिवस हातात आहेत. पोचलात की आदल्या संध्याकाळी दोन्ही दिवसांचा अंदाज बघायचा, हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारायचं, आणि जो त्यातल्या त्यात बरा दिवस तो डोंगराला द्यायचा. तिकीट तेव्हाच रात्री ऑनलाईन काढायचं, महिनाभर आधी काढून ठेवू नका. दुसरा दिवस होई आन, किंवा पाऊसच असेल तर दा नांगमधलं चाम शिल्पांचं म्युझियम. हे म्युझियम तुझ्या सासऱ्यांना फार आवडेल बघ, तिथे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या शंकराच्या, गणपतीच्या मूर्ती आहेत, चाम म्हणजे त्या भागात पूर्वी राज्य करणारे लोक, त्यांचे राजे शिवभक्त होते, आणि हे सगळं छपराखाली, बसायला जागा, शांत. बाहेर पाऊस पडत असताना इतकी चांगली जागा नाही.

आणि एक, खाली ढग दिसले म्हणून लगेच कॅन्सल करू नका. वरचं हवामान खालच्यापेक्षा वेगळं असतं. खाली भुरभुर आणि वर लख्ख ऊन असं होतं, त्याच्या उलटंही होतं. धुकं आलं तर पाच-दहा मिनिटं थांबायचं, ते पडद्यासारखं सरकत असतं. धो धो पाऊस, विजा, जोराचा वारा असेल तर मात्र नाही जायचं, तेव्हा केबल कारच थांबवतात आणि तेच बरोबर आहे.

सासऱ्यांच्या बीपीची काळजी उंचीमुळे करत असशील तर ती सोड. तिथलं सगळ्यात उंच टोक १,४८७ मीटर, आपलं महाबळेश्वर साधारण १,३७० च्या आसपास, म्हणजे थोडंच जास्त, आणि कळसूबाई तर १,६४६. विरळ हवेचा त्रास व्हावा इतकी ही उंची नाही. फरक पडतो तो थंडीचा आणि कानांचा. वर जाताना दर हजार मीटरला साधारण ६ अंश तापमान उतरतं, म्हणजे खाली २८ असेल तर वर २०, त्यात ओलं वारं. प्रत्येकाला एक फुल स्वेटर किंवा शाल, आणि छत्री नको, वाऱ्याने उलटी होते, पातळ रेनकोट घ्या. वीस मिनिटांत एवढे वर जाता म्हणून कानांना दडे बसतात, मुलाला चघळायला गोळी दे, मोठ्यांनी आवंढा गिळत राहायचं, जांभई द्यायची. कुणाला त्या दिवशी जोराची सर्दी असेल तर कान फार दुखतात, ते लक्षात ठेव.

केबिनमध्ये बसायचं कसं ते सासूबाईंना आधी सांगून ठेव, कारण घाबरायला तिथेच होतं. वरचा दोर न थांबता फिरत असतो, केबिन त्या दोराला घट्ट पकडून असते, स्टेशनात शिरली की ती पकड सुटते आणि केबिन रुळावर मुंगीच्या पावलाने सरकत राहते, दार उघडतं, पण ती पूर्ण थांबत नाही. तेवढ्यात चढायचं. आधी मिस्टरांनी आत जायचं, मग सासूबाईंनी त्यांचा हात धरून, तू मागून. कमी दुखतो तो गुडघा आधी आत, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी बाहेर. तिथल्या माणसाला लांबूनच हात करून आजींकडे दाखवायचं, हे रोजचं आहे त्यांना, येऊन हात देतात. एका केबिनमध्ये १० जण मावतात म्हणजे तुम्ही सहाही एकत्र. आणि चढायच्या आधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचंच, मध्ये वीस मिनिटं काही सोय नाही, सासऱ्यांना शुगर आहे म्हणून मुद्दाम सांगतेय.

मिस्टरांचं सांगते. भीती बोलून दाखवत नाहीत ना, मग तूही चारचौघात बोलू नकोस, पोरांसमोर तर नाहीच. फक्त जागा त्यांना अशी दे की तोंड वरच्या डोंगराकडे आणि पाठ खालच्या दरीकडे येईल. वर जाताना डोंगर समोर दिसत राहिला की दरी किती खोल गेली ते कळत नाही. बाकावर दोघांच्या मध्ये. मुलाला त्यांच्या मांडीशी बसव, माणूस लेकराला सावरण्यात गुंतला की स्वतःचं विसरतो. मधेच केबिन हळू झाली किंवा क्षणभर थांबली तर घाबरायचं नाही, बहुतेक वेळा खाली कुणाला तरी चढायला वेळ लागत असतो, कदाचित तुझ्या सासूबाईंसारख्याच कुणाला तरी. हे वाक्य घरीच सहज बोलून ठेव, तिथे उपयोगाला येईल.

तिकीट. मोठ्यांचं साधारण ९ ते १० लाख डाँग, आकडा ऐकून दचकू नको, एक लाख डाँग म्हणजे साधारण ३४० रुपये, म्हणजे माणशी तीन-साडेतीन हजारांच्या घरात. जाण्यायेण्याची केबल कार, वरची डोंगरी ट्रेन, बागा आणि बरेचसे खेळ त्यातच येतात, मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम वगैरेचे वेगळे पैसे. मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. १ मीटरच्या खाली फुकट, १ ते १.४ मीटर कमी दरात, त्याच्या वर पूर्ण. म्हणजे तुझ्या मुलाचं बहुतेक कमी दराचं आणि मुलीचं कदाचित मोठ्यांचं, निघायच्या आधी घरीच भिंतीला उभं करून मोजून घे म्हणजे गेटवर वाद नको.

आता दिवस कसा लावायचा. सकाळी पावणेसातला हॉटेल सोडा. हे पटत नसेल तर बाकीचं सगळं विसर पण एवढं ऐक, कारण टूरच्या बसा साडेनऊ-दहाच्या सुमाराला यायला लागतात आणि त्यानंतर प्रत्येक ठिकाणी रांग. नाश्ता पॅक करून मागा. गेटपासून केबल कार स्टेशनपर्यंतच बरंच चालायला लागतं, तिथे दम खात खात जा, सासूबाईंसाठी घडीची काठी घेऊन ठेव, आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळते.

खालून वर जाणाऱ्या केबल कारच्या लाईन एकापेक्षा जास्त आहेत आणि इथेच लोकांचा घोळ होतो. होई आन नावाच्या स्टेशनातून मार्से स्टेशनला जाणारी लाईन थेट सोनेरी पुलाजवळ सोडते. मग पुलाजवळच्याच बोर्दो स्टेशनातून दुसरी केबल कार लूव्र स्टेशनला, म्हणजे अगदी वर, जुन्या फ्रेंच गावासारखं बांधलेल्या फ्रेंच व्हिलेजला. आणि तोक तिएन स्टेशनातून निघणारी ती ५,८०१ मीटरवाली लाईन, ती पुलाला न थांबता एकदम वर जाते. सगळ्या लाईन दिवसभर चालू नसतात, वेळा लावलेल्या असतात, म्हणून चढतानाच विचारायचं की ही लाईन आज कधी बंद होणार. तुम्ही पुलाच्या बाजूची धरा, म्हणजे पूल जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा वाट्याला येतो, एकदा धुक्यात गेला तरी दुसरी संधी राहते. आणि आम्ही गेलो त्या लांब लाईनला बसायचंच असेल तर उतरताना बसा असं लोक सांगतात, पण तुझ्या सासूबाईंच्या हिशोबाने मी एकच रस्ता जाण्यायेण्याला धरेन, नवीन स्टेशन म्हणजे नवीन चाल.

पूल १५० मीटर लांब, २०१८ मध्ये उघडला. ते हात जुन्या दगडाचे वाटतात पण आत लोखंडी जाळीचा सांगाडा आणि वरून फायबरग्लास आहे, शेवाळ, भेगा सगळं रंगवून काढलंय, मुलीला हे सांग, ती जवळ जाऊन नक्की बघेल. सकाळी तिथे अर्धा तास. सगळ्यांचा मिळून फोटो सकाळीच काढून घ्या, कपडे नीट असतात, सगळे फ्रेश असतात.

पुलानंतर त्याच पट्ट्यात फुलांची बाग, लिन उंग पॅगोडा आणि फ्रेंचांनी १९२३ मध्ये डोंगर खोदून केलेलं दारूचं तळघर, आणि तिथली डोंगरी ट्रेन. ही ट्रेन म्हणजे तुमच्या वणीच्या गडावरच्या फ्युनिक्युलर ट्रॉलीचीच बहीण समज, सासूबाई त्यात बसल्या असतील तर त्यांना लगेच कळेल. पॅगोडात २७ मीटर उंच पांढरी बुद्धमूर्ती आहे. सासू-सासऱ्यांना तिथे निवांत बसू दे, उदबत्तीचा वास, समोर दरी. दा नांगमध्ये याच नावाचे तीन पॅगोडा आहेत, समुद्राजवळच्या डोंगरावरचा उंच देवीसारख्या मूर्तीचा तो वेगळा, म्हणजे गाडीवाल्याला नाव सांगताना गोंधळ नको.

मुलीच्या १७ जागांचं काय करायचं, तर तिलाच सांग की यातल्या ४ निवड, बाकीच्या दिसल्या तर बोनस. बारा वर्षांची आहे, तिच्यावर टाकलेली जबाबदारी ती पोरगी नीट पेलेल. मुलांच्या खेळांसाठी फॅन्टसी पार्क आहे, तो पूर्ण आत, छपराखाली, म्हणजे पाऊस आला की तिकडेच पळायचं. आणि बाहेर रुळावरून घसरत जायची ती गाडी, जिचा ब्रेक आपल्याच हातात असतो, ती पोरांना वेड लावते, पण तिची रांग मोठी आणि पाऊस आला की बंद ठेवतात, म्हणून ऊन दिसलं की आधी ती, आतले खेळ नंतर. बऱ्याच खेळांना उंचीची अट असते, मुलगा रडेल, त्याला आधीच सांगून ठेव.

फ्रेंच व्हिलेजमधले ते चर्च, किल्ले, चौक, ते सगळं अलीकडचं बांधकाम आहे. खरं जुनं बा ना वेगळंच होतं. १९१९ पासून फ्रेंचांनी तिथे उन्हाळ्यात राहायला बंगले बांधले, इंग्रजांनी आपल्याकडे महाबळेश्वर-माथेरान केलं तसंच, आणि सुरुवातीला साहेब लोक शेवटचा चढ डोलीत बसून यायचे, तो भार तिथल्या गरीब माणसांच्या खांद्यावर. मग युद्धं झाली, फ्रेंच गेले, बंगले पडले आणि जंगलाने सगळं गिळलं. २००९ मध्ये पहिली केबल कार आली तेव्हा डोंगर परत जागा झाला. मला वाटतं सासऱ्यांना हे सांगितलंस तर ते नुसते बाकावर बसून कंटाळणार नाहीत, रायगडाची डोली बघितलेल्या माणसाला यातलं सगळं कळतं.

एकदा वर पोचलात की तुमचे दोन गट करा आणि हे अपराधी न वाटता करा. मिस्टर आणि पोरं खेळांकडे, तू सासू-सासऱ्यांबरोबर चौकात, किंवा उलट. मग दर दीड तासाने एका ठरलेल्या ठिकाणी भेट, चौकातल्या कारंज्यासारखी जागा जी चुकणारच नाही. दोघांच्या फोनमध्ये तिथलं सिम किंवा ईसिम हवंच, आणि गेटवरच्या नकाशाचा फोटो. आजींच्या पर्समध्ये एक चिठ्ठी ठेव, हॉटेलचं नाव आणि तुमचे नंबर.

जेवण. तुम्ही शाकाहारी आहात का ते पत्रात लिहिलं नाहीयेस, असाल तर एकच शब्द पाठ कर, चाय. व्हिएतनामी भाषेत चाय म्हणजे शाकाहारी, ‘अन चाय’ म्हटलं की समोरच्याला कळतं की हे मांसमच्छी खात नाहीत. तरी ‘नुओक माम’ म्हणजे माशाचा सॉस चटणीत, भाजीत, कशातही असतो, तेवढं विचारून घ्यायचं. वर बफे आहेत, तिकिटाबरोबर जोडूनही मिळतात, आणि भारतीय लोक इतके यायला लागलेत की इंडियन बफेही विकतात, पण घेताना कुठल्या रेस्टॉरंटला आणि किती वाजता ते लिहून घ्या. सव्वाअकरालाच जेवायला बसा, साडेबाराला तिथे बसायला जागा मिळत नाही आणि सासऱ्यांची गोळी-जेवण वेळेवर व्हायला हवं. त्यांच्या खिशात खडीसाखर किंवा दोन बिस्किटं, गोळ्या हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही. दशम्या, चिवडा हॉटेलवर ठेव, रात्री थकून आल्यावर त्याच्यासारखं दुसरं काही लागत नाही.

वर मुक्काम करायचा का, तर नको. वर हॉटेल आहे, संध्याकाळी गर्दी उतरल्यावर तिथे फार सुंदर असतं हे खरं, पण सहा जणांचा खर्च, बॅगा वर न्यायच्या, आणि पाऊस लागला तर दुसरा दिवसही ढगातच. तुम्ही दोघं कधी एकटे गेलात तर नक्की राहा.

उतरताना साडेतीन ते पाच सगळ्यात मोठी रांग असते, बसवाल्यांना तेव्हाच खाली जायचं असतं. सासूबाई दुपारी दोन-अडीचलाच दमल्या तर मिस्टरांनी त्यांना आणि सासऱ्यांना घेऊन गर्दीच्या आधी खाली यावं, मागे पोरं आणि तू. त्यात काही बिघडत नाही, त्यांची केबल कार झालेली असते, पॅगोडा झालेला असतो. त्या दमल्या नसतील तर मग पाचपर्यंत वर बसून राहा, कॉफी प्या, बसवाले जाऊ दे.

आणि आता तुझं. लूव्र स्टेशनातून खाली पुलापाशी याल तेव्हा दुपार कलत आलेली असेल, ऊन असेल तर पिवळं, नसेल तर ढग अगदी पायाखाली. तिथे तू ४० मिनिटं मागून घे. सासूबाईंना निघायच्या आधीच सांग की मला तिथे एकटीला उभं राहायचंय, मला खात्री आहे त्यांनाच सगळ्यात आधी कळेल, बायकांच्या आयुष्यात अशी ४० मिनिटं किती कमी येतात ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहितीये. स्टेशनजवळ बसायला जागा बघून बाकीच्यांना बसव. पुलाच्या मधोमध गर्दी जास्त असते, दोन्ही हातांच्या पुढे, अगदी टोकाकडे जा, तिथे लोक थांबत नाहीत. लाईन कधी बंद होते ते सकाळी विचारलेलंच आहेस, तेवढा गजर फोनला लाव आणि फोन मिस्टरांकडे दे. मुलाची पाण्याची बाटली, सासऱ्यांच्या गोळ्या, सगळ्यांचे स्वेटर, तेही सगळं त्यांच्याच सॅकमध्ये टाक आणि हात मोकळे घेऊन जा.